बाद झालेला मासा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचच हलत असतो. मागे निळं पाणी, त्याच्या मागे आणखी निळं, आणि मधूनच प्रवाळाच्या खडकांवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. पुढे एका पांढऱ्या बोटीचा मागचा डेक. वर कापडी कनात ताणलेली. तिच्या फटीतून सकाळचं ऊन थेट मधोमध पडतंय, जणू कुणी मुद्दाम दिवा रोखलाय. त्या उजेडात बोल्टने पक्की बसवलेली एक फिरती खुर्ची, खुर्चीत घामाने डबडबलेला एक लठ्ठ पाहुणा, आणि त्याच्या हातात कमानीसारखा वाकलेला मासेमारीचा रॉड. पाहुणा हयात असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या नातेवाइकांचा धावा करतोय. खुर्चीच्या मागे, सहज हात पोचेल इतक्या अंतरावर, एक काटकुळा माणूस उभा आहे. रंग विटलेला शर्ट, डोक्याला रुमाल, अनवाणी पाय, आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंतवलेले.

"घाई नको," तो म्हणतोय. "रॉड वर घ्या. आता खाली झुकवा, झुकवताना गुंडाळा. घाई नको."

हेच मामा.

मामा नक्की कुणाचे मामा, हे बोटीवर कुणालाच सांगता आलं नसतं. कुठल्याशा जुन्या खलाशाने एकदा तशी हाक मारली आणि ती शर्टावरच्या डागासारखी कायमची बसली. मग आचारी, पाहुणे, पाहुण्यांची पोरं, धक्क्यावरचा डिझेलवाला, सगळ्यांचेच ते मामा झाले. साऱ्या जगाने मिळून मला मामा बनवलंय, असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

बोट म्हणजे तरंगता संसार होता. खाली अरुंद केबिनी, वर जेवणाचं मोठं टेबल, सगळ्यांत वर सुकाणूपाशी कप्तान. हा कप्तानच बोटीचा मालकही. पाहुणे यायचे ते आठवडाभर बोटीवरच राहायला, आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत मासे पकडायला. दिवसाच्या होड्या जिथवर जाऊन परत येऊ शकत नाहीत अशा लांबच्या बेटांकडे बोट निघायची. दुसऱ्या दिवशी फोनची रेंज गेली की ही शहरातली माणसं कावरीबावरी व्हायची, तिसऱ्या दिवशी चिडायची, आणि चौथ्या दिवशी माणसात यायची. मोठमोठ्या कचेऱ्या चालवणारी माणसं शाळेतल्या मुलांसारखी रेलिंगला लोंबकळून उडते मासे बघायची. संध्याकाळी कुठल्या तरी बेटाच्या आडोशाला नांगर पडायचा, इंजिन बंद व्हायचं, आणि इतका वेळ त्याच्या धडधडीखाली दबलेली शांतता एकदम कानावर यायची. मग छपरावर गप्पांचा फड बसायचा. दिवसभरात सुटलेले मासे तिथे आणखी दोन-दोन हात वाढायचे.

त्या दिवसांची गंमत अशी की आज त्यातला एकही मासा धड आठवत नाही, माणसं मात्र सगळी आठवतात. दरवर्षी येणारा दातांचा डॉक्टर, जो पकडलेल्या प्रत्येक माशाचा जबडा उघडून आधी दात तपासायचा. नवं लग्न झालेलं एक जोडपं, ज्यातल्या नवऱ्याला पहिल्या दिवसापासून बोट लागली आणि बायकोने सगळे मासे पकडले. आणि आचारी, जो हलत्या स्वयंपाकघरात एका पायाने ओव्हनचं दार दाबून धरून केक भाजायचा आणि केक एका बाजूला कलला की म्हणायचा, हा माझा दोष नाही, समुद्राचा उतार आहे.

मामांचं काम सांगायला सोपं होतं. रॉड तयार ठेवायचे, गळाला आमिष लावायचं, दोरा कुठे घासला असेल तर बोटांनी चाचपून तेवढा तुकडा कापून टाकायचा. आणि मासा लागला की खुर्चीमागे उभं राहायचं. फक्त उभं राहायचं. या खेळाचा नियमच तसा. रीळ किरकिरलं की ज्याने रॉड उचलला, मासा त्याचा. दुसऱ्या कुणाचं नुसतं बोट जरी रॉडला लागलं तरी मासा बाद. मग तो केवढाही असो, मोजायचा नाही, सांगायचा नाही. मासा अगदी बोटीच्या कडेला आला की मामांनी पुढे व्हायचं, ओणवं होऊन शेवटचा जाड दोरा हातात घ्यायचा, पकडीने गळ काढायचा आणि मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. तोवर हात पाठीमागे.

पाठीमागे हात बांधायची सवय मामांनी मुद्दाम लावून घेतली होती. कारण माणूस धडपडताना दिसला की हात आपोआप पुढे जातो. सुरुवातीला त्यांचाही जायचा, ऐनवेळी ते तो मागे ओढायचे. मग एका निवृत्त न्यायाधीशाने त्यांना धडा दिला. म्हाताऱ्याला कुपा मासा लागला होता, चांगला थोराड. अर्धी सकाळ तो झुंजला, बोटांना फोड आले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने मामांच्या अक्षरशः विनवण्या केल्या, की बाबा रे, घडीभर धर. मामांनी धरलं नाही. नुसतं सांगत राहिले, घाई नको, वर घ्या, गुंडाळा. शेवटी मासा कडेला आला. त्या संध्याकाळी न्यायाधीश छपरावर त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, की तुम्ही हात लावला असता तर मी जन्मभर तुम्हाला माफ केलं नसतं. त्या दिवसापासून मामांनी कानाला खडा लावला. मदत न करणं हीच मोठी मदत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

डोक्यात बसलं ते ठीकच होतं. पण ते डोकं घेऊन मामा घरी जायचे, तिथे पंचाईत होती.

घर म्हणजे एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. खालून इस्त्रीची वाफ वर यायची, त्यामुळे भिंती बारमाही कोमट. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाईचं मशीन आणि मशीनपाशी मामांची बायको. शाळेचे गणवेश, हॉटेलचे पडदे, गाड्यांच्या सीटची कव्हरं, जे येईल ते ती शिवायची. मामा वर्षातून दोनदा यायचे, पंधरा दिवसांसाठी. आले की दोन दिवस जमीन हलतेय म्हणून भिंत धरून चालायचे, मग पाहुण्यासारखे खुर्चीवर बसायचे. कप अर्धाच भरायचे, कारण बोटीवर भरलेला कप सांडतो. एकदा मुलीला बघायला आलेल्या मंडळींना त्यांनी आपल्या हाताने असा अर्धा-अर्धा चहा दिला. व्याही होऊ घातलेला माणूस कपात वाकून बघत बसला आणि लग्न मोडता मोडता राहिलं. ते निस्तरायलाही शेवटी बायकोच पुढे झाली.

बाकी सगळं तिनेच केलेलं. मुलीचा गोवर, शाळा, छताची गळती, घरमालकाशी भांडण, सासूचं शेवटचं आजारपण. मामा कुठल्या तरी बंदरावरून फोन करायचे आणि खुर्चीमागे उभं राहून बोलायचे त्याच आवाजात सांगायचे: घाई नको. आधी वरच्या टाकीचं पाणी बंद कर. मग चुना आणि सिमेंट कालव. घाई नको. ती ऐकून घ्यायची आणि फोन ठेवल्यावर लाँड्रीवालीला म्हणायची, लोक उंटावरून शेळ्या हाकतात, आमचे हे समुद्रावरून हाकतात. बोटीला ती सरळ सवत म्हणायची. आणि सवतीच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, एवढा एक मान तिने तोवर राखला होता.

मग कप्तानाचे गुडघे गेले. त्याला शिडी चढवेना. त्याने बोट विकायला काढली आणि ठरवलं, की शेवटची फेरी पाहुण्यांशिवाय करायची. ज्यांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळल्या, त्यांनी घरच्यांना घेऊन एकदा स्वतः सुटी घालवायची. आचाऱ्याने आपली आई आणली. मामांनी बायकोला फोन केला, पण ती येईल अशी त्यांना आशा नव्हती. ती येते म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की मामांनी दोनदा विचारून घेतलं.

ती आली, आणि पहिला दिवसभर पिशवी मांडीवर घेऊन, बस कधीही येईल अशा बेताने बसून राहिली. सगळे तिला मामी म्हणायला लागले. तिने एकदाच ऐकवलं, की मी कुणाची मामी-बिमी नाही, पण वाढा जेवायला. कनातीचा एक कोपरा उसवलेला होता. तो तिने आल्या-आल्या पाहिला, जेवण झाल्यावर पिशवीतून सुई-दोरा काढला आणि टाचून टाकला. आचाऱ्याच्या केकची तिने एक बाजू खाल्ली आणि उतार खरंच आहे म्हणून मान डोलवली. आचारी खूश. मामा तर इतके खूश, की त्यांना काय बोलावं सुचेना. मासे पकडणाऱ्यांशी तासन्‌तास बोलणारा हा माणूस बायकोसमोर अळीमिळी गुपचिळी करून बसायचा.

दुसऱ्या संध्याकाळी नांगर पडल्यावर दोघं मागच्या डेकवर बसली होती. तेव्हा तिने ती का आली ते सांगितलं. मुलगी तिला आपल्याकडे बोलावत होती. जावयाची जागा लहान, एकाच माणसाची सोय होईल. तिने जायचं ठरवलं होतं. महिनाअखेरीला लाँड्रीवरच्या खोल्या सोडायच्या. आता बोटही जाणार, तेव्हा मामांनी आपली व्यवस्था कुठे करायची ते बघावं. फोनवर हे सांगणं बरं दिसलं नसतं. शिवाय इतकी वर्षं जिने नवरा ठेवून घेतला ती बोट एकदा बघून घ्यावी, असंही मनात होतं. चांगली आहे, ती म्हणाली. स्वच्छ ठेवलीय.

बोट जाणार म्हणजे आपण त्या खोल्यांत जाणार, हे मामांनी इतकं गृहीत धरलं होतं की त्याबद्दल कधी बोलायची गरजच वाटली नव्हती. आता बोलायला हवं होतं. सोडू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं?

"मशीनचं डोकं आधी वेगळं काढ," मामा म्हणाले. "जुन्या चादरीत गुंडाळ. आणि हमालांना घाई करू देऊ नकोस."

ती उठली आणि केबिनमध्ये झोपायला गेली.

आता तिसऱ्या दिवसाची सकाळ. कप्तान वर सुकाणूवर. बोट सावकाश चाललेली, मागे दोरे सोडलेले, पक्ष्यांचा एक थवा पाण्यावर घिरट्या घालतोय. खुर्ची रिकामी होती आणि सावली तिथेच होती, म्हणून ती जाऊन खुर्चीत बसली. मासे पकडायला नव्हे, तिला आचाऱ्याच्या आईच्या ब्लाउजला हुक लावून द्यायचे होते. मामा आदल्या संध्याकाळपासून तिच्याशी बोलायला शब्द शोधत होते आणि त्याऐवजी दोरे चाचपत होते.

एवढ्यात तिच्या शेजारचं रीळ किंचाळलं.

रॉड खटकन वाकला. खोबणीतून निसटून पाण्यात जातो की काय असं वाटलं, आणि ब्लाउज टाकून तिने तो धरला. मशीनवर कापड ओढणाऱ्या बाईची पकड ती. वरून कप्तान ओरडला, वहिनी, सोडू नका, मोठा आहे. सोडायचं कसं असतं हेही तिला माहीत नव्हतं. दोरा नुसता सुटत होता. तिने पाय खुर्चीच्या पट्टीला लावले आणि मागे रेलली.

मामा धावत आले. खुर्चीमागे त्यांच्या नेहमीच्या जागी उभे राहिले. आणि त्यांचे हात, कुणीही न सांगता, पाठीमागे जाऊन एकमेकांत गुंतले.

"घाई नको," मामा म्हणाले. "रॉड वर घे. आता झुकव, झुकवताना गुंडाळ."

ती गुंडाळत राहिली. मासा खोल गेला, तिने वर आणला. तो पुन्हा गेला, तिने पुन्हा आणला. पदर कधीच कमरेला खोचून झाला होता. उजवं मनगट, ज्याने तिने आयुष्यभर कात्री चालवली, ते भरून आलं. आचारी, त्याची आई, सगळे येऊन कठड्याला लागले. खुर्चीतून ती म्हणाली, धरा की जरा. मामांनी सांगितलं, की धरता येत नाही, धरलं तर बाद होतो. तू चांगलं करतेयस, फक्त कोपर अंगाला लाव.

तिने मान वळवली नाही. डोळे दोऱ्यावर, आवाजही चढलेला नाही. मशीनवर काम करता करता बोलावं तशी ती बोलली.

"पोरीला गोवर आला तेव्हा तुम्ही असेच. आई गेल्या तेव्हा असेच. मी ओढतेय आणि तुम्ही मागे उभे राहून सांगताय, कोपर कुठे लावायचं. ते पाहुणे हौसेने येतात हो ओढायला. मला कुठे हौस होती?"

मामांना वाटलं, कुणीतरी आपल्या चेहऱ्यावरचा रंग एका हाताने पुसून काढला. न्यायाधीश, दातांचा डॉक्टर, ती इतकी सगळी माणसं त्यांना दुवा देऊन गेली होती, कारण ती एकट्याने जिंकायला आली होती. ही बाई जिंकायला आली नव्हती. हिला नुसतं कुणीतरी दुसरं टोक धरायला हवं होतं, आणि इतकी वर्षं ते तिला पाहुणा समजून वागत आले होते.

त्यांनी हात सोडवले. ते सहज सुटले नाहीत. बोटं आखडल्यासारखी झाली होती. मग ते पुढे झाले, खुर्चीच्या पट्टीवर एक पाय रोवला आणि तिच्या दोन्ही हातांच्या मधे रॉडला हात घातला.

वरून कप्तानाचा आवाज आला, की मामा, बाद झाला तुमचा मासा. आयुष्यात पहिल्यांदा.

"होऊ द्या बाद," ती म्हणाली. "तुम्ही बोट हाका."

मग दोघांनी मिळून ओढलं. तालच जमेना. मामा वर घेत तेव्हा ती गुंडाळी, ती झुकवी तेव्हा मामा ताणत. अहो थांबा, अगं आत्ता नको, अशी कुरकुर चालली आणि आचाऱ्याची आई हळूच म्हणाली, घरोघरी असंच. तरी मासा येत गेला. निळ्यातून हिरवट चमक वर आली, मग रुपेरी कूस दिसली. कुपाच होता, आणि थोराड होता. बोटीच्या कडेशी येऊन तो आडवा झाला. इथे मामांनी रॉडजवळून निघून दोरा हातात घ्यायचा असतो. साऱ्या बोटीवर ते काम एकट्या मामांना येत होतं. मामांच्या ते लक्षातही आलं. पण निघायचं तर तिला पुन्हा एकटीला धरू द्यावं लागलं असतं.

मामा हलले नाहीत. आचारी पुढे झाला, त्याने दोरा धरायचा प्रयत्न केला, दोरा बोटीच्या कडेला घासला. माशाने शेपटीचा एक फटका दिला. टक्‌ असा आवाज झाला, अगदी बारीक, टाका तुटावा तसा. दोघं एकदम मागे खुर्चीवर आदळली, ती खुर्चीत आणि मामा अर्धे तिच्या मांडीवर. मामांच्या हातून कडेपर्यंत आलेला मासा कधी सुटला नव्हता.

आचाऱ्याने चुकचुक केली. कप्तानाने बोटीचा वेग आणखी कमी केला. आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडावर पदर घेतला तरी हसू थांबेना.

पुढचं इथेच सांगून टाकायला हरकत नाही. खोल्या सोडल्या गेल्या नाहीत. मुलगी रुसली, मग समजली. मामा लाँड्रीवरच्या त्या कोमट खोलीत पुष्कळ वर्षं राहिले, गिऱ्हाइकांकडे कपड्यांचे गठ्ठे पोचवायला लागले, काज-बटणं करायला शिकले. बटणं जरा घट्टच लावायचे. गिऱ्हाईक तक्रार करायचं आणि ती म्हणायची, समुद्रातली गाठ आहे, सुटायची नाही. संध्याकाळी खालची लाँड्री बंद झाली की दोघं जिन्यात बसायची आणि मामा तिला पाहुण्यांच्या गोष्टी सांगायचे. ती त्यातले मासे कापून लहान करायची. बोट कुणी घेतली, तिचं काय झालं, त्याची चौकशी त्यांनी केली नाही. जुन्या पाहुण्यांपैकी कुणी भेटलं आणि बोटीवरचे दिवस निघाले, की मामांचा आवाज अजूनही मऊ व्हायचा. पण सांगायला लागले की ते पकडलेल्या माशांबद्दल बोलतच नसत. बाद झालेला मासा मोजायचा नसतो, सांगायचा नसतो. मामा तोच एक सांगायचे, दर वेळी.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी ते अजून ठरायचं होतं. माणसं पांगली, आचारी आईला घेऊन स्वयंपाकघरात गेला, आणि डेकवर दोघंच उरली. तिचं हसू ओसरलं होतं. ती उजवं मनगट डाव्या हाताने धरून बसली होती. मामांनी बादलीभर गार पाणी आणलं आणि ते तिच्यासमोर उकिडवे बसले. आदल्या संध्याकाळी अडकलेलं वाक्य आता त्यांना सापडलं. खोल्या सोडू नकोस, ते म्हणाले. मी येतोय, राहायला.

तिने पाण्याकडे बघत विचारलं, की राहायला म्हणजे पंधरा दिवस ना. मामांनी नाही म्हणून मान हलवली. तिने सांगितलं, की दूध सकाळी खाली जाऊन आणावं लागतं. गठ्ठे जड असतात. छत अजून गळतं. आणि यातलं कुठलंही काम कसं करायचं ते मला सांगायचं नाही, मला येतं.

बरं, मामा म्हणाले.

तिने हात बादलीत घातला. कसा घातला, ते चूक होतं. मनगट वाकडं राहिलं होतं, अशाने सूज वाढते. मामांच्या जिभेवर सूचना आली, अगदी दातांपर्यंत आली. त्यांनी ती गिळली. मग स्वतःचे दोन्ही हात पाण्यात घातले, तिचं मनगट हलकेच सरळ करून धरलं, आणि विचारलं,

"दुखतंय का?"